घोड्याचं घर

हॉल म्हणजे रेशीमबागेमागचं मंगल कार्यालय.
आदल्या रात्रीचं लग्न अजून खुर्च्यांखाली होतं:
अक्षता, चिरडलेला मोगरा, कुणाच्या तरी पोराची एक चप्पल.
मे महिना. सेहेचाळीस पॉइंट दोन.
शेवटची फेरी, बोर्ड क्रमांक एक,
आणि पंच मी, शाळेत पीटी शिकवणारी,
शिट्टी त्या दिवसापुरती पर्समध्ये.

पांढरी मोहरी: कवडू हेडाऊ, वय एकसष्ट.
गोळीबार चौकात कूलरच्या ताट्या बांधतो.
त्याआधी मागावर होता, माग बंद पडेपर्यंत.
नाव नोंदवताना मानांकन विचारलं
तर त्यानं आधार कार्ड पुढे केलं.
इथवर कसा आला, कुणाला नीट सांगता येईना.
एकाला ताप आला, एक उशिरा पोचला,
बाकीचे हरले.

काळी मोहरी: ओजस देवपुजारी, अठरा.
स्वतःची उशी, स्वतःचं पाणी, आई दारात.
बक्षिसाच्या चेकवर त्याचं नाव आधीच छापलेलं.
स्पेलिंग तपासायला चेक माझ्याचकडे आला होता.

एकतिसाव्या चालीला कूलर मेला.
पंखा फिरत राहिला, पण कोरडा,
भट्टीचं दार कुणी उघडं टाकावं तसा.
ओजसच्या कपाळावरून एक थेंब निघाला,
नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.
घड्याळ कवडूचं चालू.
तो उठला. "मॅडम, पाहून येतो."
"काका, वेळ तुमची जाईल."
"जाऊ द्या. पोरगं शिजून राह्यलं ना."

मागची ताटी उचलली, कोपरापर्यंत हात आत.
पंपात अडकला होता नवरीचा गजरा.
चार मिनिटं अकरा सेकंद.
नियमपुस्तक मला पाठ आहे,
उभ्या उभ्या सगळं आठवून पाहिलं,
याला त्यात कलम नाही.
मग पाणी उतरलं, वाळ्याचा वास आला,
तो परत बसला, शर्टाला बोटं पुसली
आणि प्यादं सरकवलं.
एक घर.
त्याची प्यादी पहिल्या चालीपासून एकेकच घर चालत होती.
दोन घरांची मुभा असते
हे त्याला कुणी सांगितलंच नसावं, तसं.

अठ्ठावन्नावी चाल.
त्याच्याकडे एकोणीस सेकंद, एक प्यादं सातव्या रांगेत,
समोर मात तयार, फक्त ओजसची पाळी यायची बाकी.
मी जास्तीचा वजीर हातात धरून उभी.
सगळे तेच मागतात.
वजीर दिला असता तर खेळ तिथंच संपला असता,
वजिरासकट.

"घोडा," तो म्हणाला.
मला ऐकूच आलं नाही.
त्यानं मेलेल्यांच्या रांगेतून स्वतःच उचलला,
कान तुटका, आणि आठव्या घरात ठेवला.
शह.
आणि त्याच टापेखाली, तिरपा, काळा वजीर.

ओजस बराच वेळ घोड्याच्या तुटक्या कानाकडे बघत होता.
मग हात पुढे केला.
हात दोघांचेही ओले होते.

नंतर पोरांनी कवडूला घेरलं.
कुणी म्हणालं, अफलातून, कॉम्प्युटरचीच चाल.
कवडू चपला शोधत होता.
"आमच्याकडे मागाच्या सुट्टीत असंच खेळत.
प्यादं ज्या घरात पोचलं, त्या घराचंच होते.
घोड्याच्या घरात गेलं
तं घोडाच होईन ना, मॅडम?"

मी विचारलं, वजीर घेता येतो, माहीत होतं?
तो कूलरकडे बघत होता.
"गवत सडलं आहे. ताट्या बदला,
नाहीतर जूनपर्यंत टिकत नाही."

चेक खोडून नवा लिहिला, हातानं, *हेडाऊ*चा डा दोनदा गिरवून.
तो वजीर घरी येईपर्यंत माझ्या मुठीतच होता.
आता शिट्टीशेजारी आहे.
क्लबची पेटी एका मोहऱ्यानं कमी भरते,
अजून कुणी विचारलेलं नाही.